गप्प राहिलेली यादी

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा कोकणात हापूसचा हंगाम तोंडावर आला होता. बाजार समित्यांचं चक्र अडखळलं, गाड्या वेळेवर मिळेनात, किरकोळ विक्रेत्यांची दुकानं बंद. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकापर्यंत थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली. सोसायटीतलं कुणीतरी पुढाकार घेई, गूगल फॉर्म फिरे, त्यात नाव, विंग, मोबाइल, ईमेल आणि किती डझन हे भरलं जाई, आणि ठरल्या दिवशी टेम्पो येई. ज्यांचा व्यवहार तोवर दलालाच्या पट्टीवर संपत होता, खाणारा कोण हे ज्यांना कधी कळत नव्हतं, अशा अनेकांच्या हाती त्या दोन महिन्यांत ग्राहकांची नावानिशी यादी आली. पुढे बाजार सुरळीत झाले, कधी अवकाळीने मोहोर गेला, कधी माणसं कमी पडली, आणि ती यादी लॅपटॉपच्या कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून राहिली. आता घरातली पुढची पिढी वेबसाइट काढते, पैसे घेण्याची ऑनलाइन सोय करते, आणि कुणालातरी ती फाइल आठवते. समजा, तिच्यात चार हजार पत्ते आहेत. ईमेल पाठवणाऱ्या एखाद्या सेवेवर फाइल चढवायची, ‘यंदाचा हापूस आला, १५ टक्के सूट’ असं लिहायचं आणि बटण दाबायचं, एवढंच काम उरलंय असं वाटतं.

ते बटण दाबू नये, असं या प्रकरणाचं म्हणणं आहे. हापूस हे इथे उदाहरण; हातमागाच्या साड्या, लहान मुलांची पुस्तकं, घरगुती मसाले किंवा ऑनलाइन शिकवण्या, कुठल्याही लहान धंद्याच्या सोडून दिलेल्या यादीला हेच लागू पडतं. चार हजार हा आकडा पाहिला की काहीतरी कमावून ठेवलंय असं वाटतं. प्रत्यक्षात फाइलमधल्या प्रत्येक ओळीत एका माणसाने एका वेळी, एका कामासाठी दिलेली परवानगी असते, आणि न वापरलेली परवानगी दिवसागणिक कमी होत जाते. सेथ गोडिन यांनी १९९९ साली ‘परमिशन मार्केटिंग’ या पुस्तकात परवानगीने पाठवलेल्या संदेशाची बाजू मांडली तेव्हा तो बराचसा शिष्टाचाराचा आणि धंद्याच्या शहाणपणाचा मुद्दा होता. आज तो यंत्रणेचा मुद्दा झाला आहे. पत्र पोचवायचं की नाही हे ज्या कंपन्या ठरवतात, त्यांनी आपल्या चाळण्याच अशा बांधल्या आहेत की ज्यांनी मागितलं नाही त्यांना पाठवणाऱ्याचं पत्र, ज्यांनी मागितलं त्यांनाही पोचेनासं होतं. म्हणून जुनी यादी जागवायची म्हणजे तिच्यातली कुठली परवानगी अजून जिवंत आहे ते शोधायचं, उरलेल्यांना एकदा मोकळेपणाने विचारायचं आणि बहुतेकांना जाऊ द्यायचं.

आधी पत्त्यांचं काय होतं ते पाहू. २०२० साली लोक घरून काम करत होते आणि दिवसभर उघडा असलेला मेलबॉक्स बऱ्याचदा ऑफिसचा होता. त्यानंतर नोकरी बदललेल्या प्रत्येकाचा तो पत्ता आज बंद आहे. खाजगी पत्तेही अमर नसतात. दोन वर्षं वापर नसलेली खाजगी खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात यायला लागलं. याहूने तर २०१३ मध्येच वर्षभर न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या माणसांना देऊ केले होते. म्हणजे नाव तेच, मालक वेगळा. बंद पत्त्यावर पत्र गेलं की समोरचा सर्व्हर ५५० असा आकडा परत पाठवतो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या एसएमटीपी या नियमावलीपासून तो चालत आला आहे, आणि त्याचा अर्थ साधारण ‘इथे असं कुणी नाही’ असा होतो. चारने सुरू होणारा आकडा आला तर ‘आत्ता नाही, पुन्हा या’. मोठ्या प्रमाणावर ५५० मिळवणारा माणूस लोकांशी नियमित बोलणारा असू शकत नाही, एवढं अनुमान कुठलीही चाळणी काढते. त्यातच सापळे असतात. बंद पडलेला पत्ता बराच काळ ‘इथे कुणी नाही’ असं सांगत राहतो आणि मग मुद्दाम जागता केला जातो; त्यावर पत्र आलं की पाठवणाऱ्याने मधल्या काळात यादी झाडलेलीच नाही हे सिद्ध होतं. १९९८ पासून काम करणाऱ्या स्पॅमहाउससारख्या संस्था काळ्या याद्या तयार करताना असे सापळे वापरतात. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: आढीत एक फळ कुजलं की ते बाजूला काढेपर्यंत शेजारची चारही डागाळतात. पत्ते तपासून देणाऱ्या सेवा बाजारात आहेत आणि बंद पत्ते त्या बऱ्यापैकी ओळखतात. सापळ्याची खात्री त्या देऊ शकत नाहीत. आणि पत्ता चालू आहे, पण माणूस तुम्हाला साफ विसरला आहे, हे तर त्यांना कळण्याचा मार्गच नाही.

हा विसरलेला माणूसच खरा प्रश्न आहे, कारण त्याच्या हातात एक बटण आहे. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेले नियम याच बटणाभोवती फिरतात. पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिक पद्धतीने सिद्ध करावी, दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवत असेल तर एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय द्यावी आणि अशी विनंती दोन दिवसांत पाळावी. आणि ‘स्पॅम’ म्हणून नोंदवलं जाण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत, खरं तर ०.१ टक्क्याच्याही आत ठेवावं. टक्केवारीत हे क्षुल्लक वाटतं, म्हणून माणसांत मोजू. चार हजार पत्रं इनबॉक्समध्ये पोचली असं धरलं, तर ०.३ टक्के म्हणजे बारा माणसं आणि ०.१ टक्का म्हणजे चार. पाच वर्षांपूर्वी एकदा टेम्पोतून पेटी घेतलेल्या चार हजारांपैकी बारा जणांना तुमचं नाव आठवू नये, हे मुळीच कठीण नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना तुमचं नाव तेव्हाही माहीत नव्हतं. त्यांना सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा ‘देवगडवाले’ एवढाच तपशील माहीत होता. आता वेबसाइट काढताना तुम्ही धंद्याला छानसं नवं नाव दिलेलं असतं. तेव्हा अनोळखी नावाने, न मागितलेलं, काहीतरी विकायला आलेलं पत्र वाचकाने स्पॅम म्हणून नोंदवलं, तर त्याला दोष देता येत नाही. शिवाय जीमेल कुणी तक्रार केली ते कळवत नाही. एकूण प्रमाण पाहण्यासाठी गूगलचं पोस्टमास्टर टूल्स आहे, पण पत्रांची संख्या कमी असली की तिथे बहुधा काही दिसत नाही. म्हणजे लहान धंद्याला शिक्षा होते आणि आरोपपत्र मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे नियम दिवसाला पाच हजार पत्रं पाठवणाऱ्यांसाठी आहेत, आमच्यासाठी नाहीत. हे अर्धंच खरं आहे. एका क्लिकची सोय आणि डीमार्क नावाची नोंद ही बंधनं मोठ्या पाठवणाऱ्यांवर आहेत. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक ओळखनोंद आणि ०.३ टक्क्याची मर्यादा गूगलने सगळ्यांनाच सांगितली आहे. मायक्रोसॉफ्टनेही मे २०२५ पासून, आउटलुकच्या पत्त्यांवर मोठ्या प्रमाणात पाठवणाऱ्यांसाठी, तशीच वाट धरली. याच नियमांतलं एक कलम तर खास लहान धंद्यांना भोवणारं आहे. अनेक जण पाठवणारी सेवा नवी घेतात, पण पाठवणाऱ्याच्या जागी आपला जुना जीमेलचाच पत्ता ठेवतात. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जीमेलच्या नावाने आलेलं पत्र गूगलच्या लेखी तोतया ठरतं आणि स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. त्यामुळे स्वतःचं डोमेन, त्यावरचा पत्ता आणि डोमेनच्या नोंदींमध्ये या ओळखखुणा, एवढं पहिल्या पत्राच्या आधी व्हायला हवं. काम तासाभराचं आहे. वेबसाइट करून देणाऱ्याकडून ते हट्टाने करून घ्यावं.

आता जास्त महत्त्वाचा प्रश्न. गप्प असलेल्या ग्राहकांपैकी कोण गेलेला आहे आणि कोण नुसता थांबलेला आहे? याचा विचार ईमेलच्याही आधीपासून, टपालाने कॅटलॉग पाठवणाऱ्या धंद्यांनी केला होता, कारण त्यांच्या प्रत्येक पाठवणीला छपाई आणि टपालखर्च लागत असे. शेवटची खरेदी कधी, किती वेळा आणि किती रुपयांची, या तीन गोष्टींवरून ते यादी चाळत, आणि तिन्हींत ‘शेवटची कधी’ हिला सर्वांत जास्त वजन देत. १९८७ साली डेव्हिड श्मिटलाइन, डोनाल्ड मॉरिसन आणि रिचर्ड कोलंबो यांनी ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये या अंदाजाला गणिताचा पाया दिला: ग्राहक अजून ‘जिवंत’ असण्याची शक्यता त्याच्या जुन्या खरेद्यांच्या तारखांवरून काढता येते. २००५ मध्ये पीटर फेडर, ब्रूस हार्डी आणि का लोक ली यांनी त्याची सोपी आवृत्ती मांडली आणि ती तपासायला सीडीनाऊ या दुकानाची नोंद वापरली. जेसन आणि मॅथ्यू ओलिम या जुळ्या भावांनी १९९४ साली पेनसिल्व्हेनियात आईवडिलांच्या घराच्या तळघरातून सुरू केलेलं हे ऑनलाइन दुकान. दुकान काळाच्या ओघात गेलं, पण १९९७ च्या पहिल्या तिमाहीत तिथे पहिली खरेदी केलेल्या २३,५७० ग्राहकांची नोंद संशोधकांच्या अजून उपयोगी पडते. फेडर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या २,३५७ जणांच्या नमुन्यात निम्म्याहून जास्त ग्राहकांनी पहिल्या ३९ आठवड्यांच्या निरीक्षणात दुसरी खरेदी केलीच नाही. दुकान चालू होतं, वाढत होतं, तरीही. तेव्हा एकदा घेतलेला आपला कायमचा ग्राहक झाला, ही समजूत तिथेच सोडून द्यावी.

या गणितातून निघणारा दुसरा निष्कर्ष अधिक गमतीचा आहे. दोन ग्राहक धरा. दोघांची शेवटची खरेदी एकाच दिवशी झाली आणि त्यानंतर दोघेही सारखाच काळ गप्प आहेत. त्याआधी एकाने दोनदा खरेदी केली होती, दुसऱ्याने दहा वेळा. परत यायची शक्यता कोणाची जास्त? मन म्हणतं, दहा वेळा घेणाऱ्याची. तो निष्ठावान आहे. काळ लांबत गेला की गणित उलटं उत्तर देतं. जो दर महिन्याला यायचा तो वर्षभर आला नाही, तर ती शांतता त्याच्या स्वभावाला धरून नाही. बहुधा तो गेला. जो क्वचितच यायचा, त्याच्यासाठी एवढी शांतता नेहमीचीच. गप्प राहण्याचा अर्थ ग्राहकाच्या चालीवरून लावावा लागतो, सगळ्यांना एकच मोजपट्टी चालत नाही. पाठवणाऱ्या सेवांमध्ये ‘९० दिवसांत काही केलं नाही म्हणजे निष्क्रिय’ अशा तयार चाळण्या मिळतात. मसाले विकणाऱ्याला त्या कदाचित चालतील. हापूसच्या ग्राहकाची स्वाभाविक चाल वर्षाची असते. एप्रिलमध्ये पेटी घेतलेला माणूस जानेवारीत गप्प आहे यात आश्चर्य कसलं? दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक वर्षातून एकदा, गणपती-नवरात्राच्या सुमारास, अंकांच्या खरेदीचा विचार करतो. त्याला मार्चमध्ये निष्क्रिय ठरवणारी चाळणी मराठी धंद्यासाठी बनलेली नाही.

तरीही या संशोधनाला आपल्या उदाहरणावर जसंच्या तसं बसवता येत नाही, आणि इथेच जुन्या यादीची थोडी आशा दडली आहे. सीडीनाऊचं दुकान पूर्ण काळ उघडं होतं. ग्राहक आला नाही, कारण त्याला यायचं नव्हतं. आपल्या बागायतदाराने मात्र स्वतःच दार लावून घेतलं होतं. समोरच्याची शांतता ही नकाराची साक्ष म्हणून धरता येत नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. वर्षानुवर्षं पत्रं पाठवूनही जे वाचत नाहीत, त्यांची यादी आणि पाठवणारा स्वतः गप्प राहिला ती यादी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘निष्क्रिय वाचकांना परत आणा’ छापाचे बरेचसे सल्ले पहिल्या यादीसाठी लिहिलेले असतात. दुसऱ्या यादीत विचारायला वाव आहे. मात्र तो एका पत्रापुरता, फार तर एका आठवणीपुरता आहे. आणि तोही सगळ्यांसाठी सारखा नाही. २०२० नंतरही एखाद्या वर्षी ज्यांनी मागवलं, ते खरे ग्राहक. फक्त त्याच एका हंगामात घेतलेले हे संशयाचा फायदा द्यावा असे. ज्यांनी फॉर्म भरला पण पेटी घेतलीच नाही, त्यांना सोडून द्यावं. आणि सोसायटीतल्या पुढाकार घेणाऱ्याने शेजाऱ्यांचे पत्ते त्यांना न विचारता भरून दिले असतील, तर तिथे परवानगी कधी नव्हतीच. त्या ओळी पुसून टाकण्यात काही गमावत नाही.

विचारल्यावर उत्तर आलं की नाही, हे कसं ओळखायचं? बहुतेक जण पत्र किती जणांनी उघडलं तो आकडा पाहतात. २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत त्याला थोडाफार अर्थ होता. त्या महिन्यात अॅपलने आयओएस १५ सोबत मेलमधली गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असली की पत्रातली चित्रं अॅपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात, आणि माणसाने पाहिलं नसलं तरी पत्र ‘उघडलं’ अशी नोंद होते. आयफोनवर अॅपलच्या मेलमधून पत्रं पाहणारा ग्राहकवर्ग आणि महागडा हापूस घेणारा ग्राहकवर्ग बऱ्याच अंशी एकच असण्याची शक्यता आहे, तेव्हा हा आकडा हापूसवाल्याची तर खास फसवणूक करू शकतो. म्हणून होकार हा कृतीतूनच घ्यायला हवा: दुव्यावर क्लिक किंवा पत्राला उत्तर. उत्तर मागण्यात आणखी एक फायदा आहे. मोठ्या कंपन्यांची पत्रं ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ असं बजावत येतात. तुमच्या बागेतून आलेल्या पत्राला ‘हो, कळवत राहा, आणि मागच्या वेळी फळ फार लहान होतं’ असं उत्तर देता येतं, ही लहान धंद्याची सवलत आहे आणि ती वापरावी.

पत्र साधं असावं. नमुना म्हणून असं काही: ‘नमस्कार. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तुमच्या सोसायटीत आमच्या बागेतल्या हापूसच्या पेट्या आल्या होत्या. तेव्हा तुम्ही हा पत्ता आम्हाला दिला होता. त्यानंतर आम्ही काहीच लिहिलं नाही. यंदापासून आम्ही पुन्हा थेट विक्री करतो आहोत; धंद्याचं नाव आता नवं आहे, बाग आणि माणसं तीच आहेत. वर्षातून चार-पाच पत्रं येतील: मोहोर कसा आहे, पहिली तोड कधी, भाव काय. हवी असतील तर खालच्या दुव्यावर क्लिक करा किंवा या पत्राला नुसतं हो म्हणा. काही केलं नाहीत तर महिनाभराने तुमचा पत्ता आम्ही काढून टाकू.’ यात ओळख कुठली ते पहिल्या ओळीत आहे, पत्ता कुठून मिळाला ते आहे, पुढे काय येणार ते आहे आणि गप्प राहण्याचा परिणामही आहे. यात नसलेल्या दोन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या. लांबलचक दिलगिरी नाही. वाचकाने पाच वर्षं तुमच्या पत्राची वाट पाहिलेली नसते. आणि सूट नाही. सुटीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की लोक आमिषाशिवाय हलत नाहीत. पण सूट दिली की कोण तुम्हाला ओळखून परत आला आणि कोण फक्त स्वस्तात मिळालं म्हणून आला, हे कळत नाही, आणि नेमकं तेच कळून घ्यायला हे पत्र आहे. हिशेबही बरा नाही. हजार रुपयांच्या मालावर खर्च वजा जाता ३५० उरत असतील, तर २० टक्के सुटीनंतर १५० उरतात. तेवढीच कमाई व्हायला विक्री सव्वादोन पटींहून जास्त व्हावी लागेल. हापूससारख्या मोजक्या मालाची पाटी तर हंगामात अशीही रिकामी होते.

याहून विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे. न उघडलेलं पत्रही काम करतं, असं काही जण म्हणतात. इनबॉक्समधून वर-खाली करताना नाव नजरेखालून जातं, ‘अरे, आंब्याचे दिवस आले’ असं वाटतं, आणि माणूस क्लिक न करता थेट फोन लावतो. अशा माणसाला यादीतून का काढायचं? ही गोष्ट घडते हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच जो विक्री-नोंदीत अधूनमधून दिसतो त्याला क्लिकचा हट्ट न धरता ठेवावं. पण ज्याची ना खरेदी आहे ना प्रतिसाद, त्याच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो, कारण तो पत्र इनबॉक्समध्ये पोचलं हे गृहीत धरतो. चार हजारांना पाठवून पत्र स्पॅममध्ये गेलं तर नाव कुणाच्याच नजरेखालून जात नाही, अगदी त्यांतल्या उत्सुक ग्राहकांच्याही नाही. आणि ‘पत्ता ठेवायला काय पैसे पडतात?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पाठवणाऱ्या सेवांच्या दरपत्रकातच आहे: बऱ्याच ठिकाणी दर पत्त्यांच्या संख्येवर ठरतात.

कायद्याची बाजू थोडक्यात, पण ती टाळून चालणार नाही. ‘आम्ही तर फक्त परवानगीच विचारतोय’ हा बचाव ब्रिटनमध्ये टिकला नाही. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने मार्च २०१७ मध्ये फ्लायबी या विमान कंपनीला ७० हजार पौंडांचा दंड केला, कारण जाहिराती नकोत असं आधीच सांगितलेल्या ३३ लाख लोकांना तिने ‘तुमचा तपशील बरोबर आहे का’ असं विचारणारं पत्र पाठवलं होतं. होंडाच्या युरोपीय शाखेलाही त्याच वेळी १३ हजार पौंडांचा दंड झाला. लोकांनी होकार दिला होता की नाही याची नोंदच तिच्याकडे नव्हती. त्याच वर्षी वेदरस्पून या पबच्या साखळीने तर आपली सगळी ईमेल यादीच पुसून टाकली. आपल्याकडे ईमेलसाठी वेगळा कायदा नाही, आणि नको असलेल्या जाहिराती रोखणारी दूरसंचार नियामकाची नोंदवही फोन आणि एसएमएसपुरती आहे. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं आणि काम संपल्यावर माहिती पुसावी, हे त्यातलं सूत्र. दोन कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते असलेल्या ई-व्यापार कंपन्यांना तीन वर्षं न फिरकलेल्यांची माहिती पुसण्याचं बंधन घातलं आहे. कोकणातल्या बागेला ते कलम लागू नाही. पण तीन वर्षं हा आकडा सरकारला पुरेसा वाटला, एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

उरला महाराष्ट्रातला सर्वांत मोठा आक्षेप: ईमेल वाचतं कोण, सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं. रोजच्या ऑर्डरींसाठी हे खरं आहे, आणि ज्याचा धंदा दोनशे ओळखीच्या घरांत आहे त्याने ईमेलच्या भानगडीत पडूही नये. मर्यादा पुढे सुरू होतात. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच संदेश पोचतो. पाच वर्षांनी तो किती जणांकडे असेल? त्यापुढे जायचं तर कंपनीच्या व्यावसायिक सेवेतून प्रत्येक जाहिरात-संदेशाला पैसे मोजावे लागतात, आणि एका माणसाला असे किती संदेश पोचू द्यायचे यावरही कंपनीचं नियंत्रण असतं. खातं बंद झालं तर सोबत सगळा पसारा जातो. ईमेलची यादी एका सेवेतून काढून दुसरीत नेता येते. शिवाय पुण्यातल्या आईवडिलांसाठी न्यू जर्सीतून किंवा दुबईतून पेटी मागवणारा मुलगा व्यवहाराचे कागद ईमेलमध्येच शोधतो.

पाठवण्याची वेळ आणि पद्धत मात्र घाईत ठरवू नये. परवानगीचं पत्र एप्रिलमध्ये पाठवलं तर ते विक्रीचंच वाटतं. जानेवारीत, मोहोर धरल्यावर पाठवावं. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी चार हजार पत्रं सोडणं हे अनोळखी गावात भोंगा लावून फिरण्याइतकंच संशयास्पद दिसतं, म्हणून सर्वांत अलीकडच्या ग्राहकांपासून सुरुवात करून शे-दोनशेच्या तुकड्यांत पाठवावं, प्रत्येक तुकडीनंतर परत आलेली पत्रं (बाउन्स) आणि नकार पाहावे आणि ते वाढताना दिसले तर तिथेच थांबावं. तसं झालं तर त्याहून जुन्या तुकड्यांकडे जाण्याची गरजच नाही. दोन आठवड्यांनी एक आठवण, आणि मग सांगितल्याप्रमाणे उरलेले पत्ते काढून टाकायचे. विक्रीची नोंद हिशेबासाठी ठेवावी लागते, ती वेगळ्या फाइलमध्ये राहू द्यावी आणि पाठवण्याच्या यादीत पुन्हा मिसळू नये. ज्यांनी स्पष्ट नको म्हटलं त्यांचे पत्ते मात्र पुसायचे नाहीत. पुसले तर दोन वर्षांनी कुणीतरी २०२० ची तीच फाइल पुन्हा शोधून काढेल आणि नकार दिलेल्यांना पुन्हा पत्र जाईल. त्यांची एक स्वतंत्र, फक्त न पाठवण्यासाठीची यादी असते, आणि पाठवणारी सेवा बदलली की नव्या ठिकाणी ग्राहकांच्या आधी ती चढवायची असते.